डोकीडोकी ते मोयामोया: जपानी मनाचे आवाज आणि आपले

सावली

मंडळी, जपानीत भावना सांगायला जे नादशब्द वापरतात (डोकीडोकी, वाकुवाकु, इराइरा वगैरे) त्यांवर धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. आंतरजालावर यांच्या याद्या पैशाला पासरी आहेत आणि प्रत्येक यादीच्या डोक्यावर ठसठशीत लिहिलेलं असतं की या शब्दांना जगात कुठेच प्रतिशब्द नाहीत. इंग्रजीत नसतील. मराठी माणसाने हे का ऐकून घ्यावं? धडधड, हुरहुर, तगमग, चिडचिड, चुळबुळ, हळहळ, धुसफूस... आपल्याकडे पोतं भरून माल आहे.

तरीही तोक्योत राहून, ऑफिसात रोज कानावर पडूनही काही शब्द माझ्या हाताला लागत नाहीत. मला कळलंय ते असं: डोकीडोकी म्हणजे छातीत धडधडणं. मुलाखतीआधी, जिना चढल्यावर, आणि आवडतं माणूस समोर आल्यावरही. वाकुवाकु मात्र फक्त सुखाची उत्सुकता. त्यात ‘वाकु’ म्हणजे झऱ्याचं पाणी उसळतं ते उसळणं. उकीउकी तिच्या शेजारची, ‘उकु’ म्हणजे तरंगणं, हा माणूस जमिनीच्या चार बोटं वर चालत असतो. सोवासोवा म्हणजे बूड टेकत नाही. इराइरा म्हणजे चिडचिड. होत्तो म्हणजे आपलं हुश्श, यात शंका नाही.

अडतं ते दोन ठिकाणी. एक, हाराहारा आणि डोकीडोकी यांत फरक काय? शब्दकोशात दोन्हीकडे काळजाचे ठोकेच दिलेत. दोन, मोयामोया. ‘मोया’ म्हणजे विरळ धुकं. मीटिंग संपते, सगळे माना डोलावून निघून जातात आणि शेजारची सहकारी हळूच म्हणते, "मोयामोया सुरु". तिला नक्की काय होत असतं? मराठीत काय म्हणाल?

नाना_चौकस

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मला एकच शब्द येतो, पेकोपेको. पोटात कावळे. आमच्या कारखान्यात आलेल्या जपानी पाहुण्यांनी पोटावर हात ठेवून शिकवला. पुढे कळलं की लवून लवून माफी मागणं हेसुद्धा पेकोपेकोच. साहेबांसमोर आमची दोन्ही एकदम चालतात.

उनाडटप्पू

यात जपान्यांचं एवढं कौतुक काय? सगळ्या भाषांत असतात असे शब्द. आपली आजी दिवसभर याच भाषेत बोलायची, तेव्हा कोणी यादी केली नाही. जपानी म्हटलं की आपले लोक लगेच वाकुवाकु होतात.

रेवा

@उनाडटप्पू, वाकुवाकु ‘होत’ नाहीत, ‘करतात’. वाकुवाकु सुरु. (सुरु म्हणजे करणे. माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात सगळे विचारतात, "काय सुरू?")

मी पुण्यात जपानी शिकवते. तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. असे शब्द सगळीकडे असतात हे खरं, पण किती असतात आणि कोण वापरतं यात फरक पडतो. बऱ्याच युरोपीय भाषांत ते बाळबोलीत आणि व्यंगचित्रांत उरतात. जपानीत २००७ साली निघालेल्या एका कोशात ४५०० आहेत, आणि मोठी माणसं ते डॉक्टरकडे, दुकानात, बातम्यांत, जाहिरातींत न लाजता वापरतात. आपलं घर त्या बाबतीत जपानच्या आळीत आहे, लंडनच्या नाही. म्हणून मराठी मुलांना हा भाग शिकवायला मला कधी त्रास होत नाही. ‘कुरकुर’ आणि ‘गुरगुर’ यांत काय फरक, एवढं विचारलं की निम्मं काम होतं.

जपानीत हेच लिपीत दोन टिंबं देऊन करतात. किराकिरा म्हणजे चांदण्या लुकलुकतात तसं. टिंबं दिली की गिरागिरा, डोळ्यांवर येणारी तिरीप, नाहीतर हावरट नजर. कोरोकोरो खडा घरंगळतो, गोरोगोरो धोंडा. सारासारा रेशमी केस, झाराझारा खरखरीत पृष्ठभाग. घोष वर्ण (ग, झ, ड असे) आला की वस्तू जड, मोठी किंवा नकोशी होते. आपलं टपटप आणि धपधप बोलून बघा.

अनुस्वार

छान धागा. थोडी वर्गवारी टाकतो, पुढे बोलायला सोपं जाईल.

किन्दाइची हारुहिको या भाषाशास्त्रज्ञांनी या शब्दांचे पाच गट केले. माणसांचे, प्राण्यांचे आवाज ते गिसेइगो. निर्जीव वस्तूंचे आवाज ते गिओन्गो. आवाज नसलेल्या स्थितीचे शब्द (किराकिरा) ते गिताइगो. सजीवांच्या हालचाली-वागण्याचे (सोवासोवासारखे) ते गियोगो. आणि मनाच्या आतले ते गिजोगो. सावलीताईंचा धागा मुख्यतः या शेवटच्या गटाचा आहे. आपल्या शाळेच्या व्याकरणात हे सगळे ‘अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द’ या एका डब्यात कोंबलेत. खरं तर हुरहुर कसलं अनुकरण करते? हुरहुरीला आवाज कुठे आहे?

@उनाडटप्पू, आपल्याकडे यादी केली नाही असं नाही. एमेनो या अभ्यासकाने १९५६ मध्ये भारत हा एक भाषिक प्रदेश आहे अशी मांडणी केली आणि १९६९ मध्ये खास या नादशब्दांवर लेख लिहिला. आर्य भाषा असो की द्राविड, आपल्याकडे शब्द दुहेरी करून खळखळ-झुळझुळ करायची खोड सामाईक आहे, हा त्याचा एक पुरावा.

उनाडटप्पू

मग मी तेच म्हणत होतो की!

नाना_चौकस

खिक्.

डॉ. कडूनिंब

माझ्या दवाखान्यात या शब्दांवाचून पान हलत नाही. ठणकतंय, ठसठसतंय, चुरचुरतंय, गरगरतंय, भणभणतंय. पेशंट एकच क्रियापद बोलतो आणि माझा निम्मा तपास पुढे सरकतो. ठसठस म्हटलं की गळू किंवा दात, चुरचुर म्हटलं की खरचटलेलं किंवा भाजलेलं. जपानी डॉक्टरांचंही असंच चालतं का?

सावली

हो डॉक्टर, अगदी असंच. झुकिझुकि म्हणजे नाडीच्या ठोक्यासरशी येणारा ठणका. गानगान म्हणजे डोक्यात घण. चिकुचिकु टोचतं, हिरिहिरि चुरचुरतं. पोटात दोन वेगळे: किरिकिरि म्हणजे पिळवटून येणारी तीव्र कळ, शिकुशिकु म्हणजे दिवसभर मागे लागलेलं बारीक दुखणं. आणि शिकुशिकु रडणंही असतं, मुसमुसणं. मला हे फार पटतं, त्या दुखण्याला आणि त्या रडण्याला एकच पोत आहे.

मुकामुका पण ऐका. मळमळणं. आणि एखाद्याचा राग येऊन आत ढवळणं, तेही मुकामुका.

डॉ. कडूनिंब

आपणही ‘मनातली मळमळ बाहेर काढली’ म्हणतोच की. पोट आणि राग यांचं नातं दोन्ही भाषांना कळलंय, वैद्यकाला जरा उशिराच कळलं.

रेवा

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर तोहोकु भागात देशभरातून मदतीला डॉक्टर, परिचारिका गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे दुखण्याचे नादशब्द बोलीतले, बाहेरून आलेल्यांना उमगेनात. जपानीच, पण कळेना. मग राष्ट्रीय जपानी भाषा संस्थेने २०१२ मध्ये तोहोकु बोलींतल्या शरीराच्या आणि मनाच्या नादशब्दांची एक पुस्तिकाच काढली. ‘हे शब्द आवाजातूनच कळतात’ असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. जपानी माणसालाही पुस्तिका लागली.

मृद्गंध

@रेवा, हा दाखला जबरदस्त आहे. पण मग त्या गोल आणि टोकेरी आकृत्यांच्या प्रयोगांचं काय? बूबा कोण आणि किकी कोण विचारलं की बहुतेक सगळे गोल आकृतीला बूबा म्हणतात. रामचंद्रन आणि हबर्ड यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांबरोबर तमिळ भाषकांचाही दाखला दिला होता. म्हणजे आवाजात काहीतरी असतंच ना?

अनुस्वार

असतं, पण तेवढ्यावर शब्द पूर्ण कळत नाही. इमाई आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तीन वर्षांच्या जपानी मुलांना मुद्दाम बनवलेली क्रियापदं शिकवली. ज्यांचा नाद हालचालीशी जुळत होता ती मुलांनी जास्त चांगली उचलली. पुढे २०११ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरही तसंच दिसलं. आवाज दारापर्यंत आणून सोडतो, घरात कोण राहतं ते भाषेकडूनच शिकावं लागतं. झुकिझुकि ऐकून कुणाला कळेल की ते ठोक्याबरोबर दुखतं?

खवय्या

अवांतर: तुम्ही दुखण्याचं बोलताय, मला जेवणाचं सुचतंय. माझ्या जपानी मित्राने मोची (चिकट तांदळाचा मऊ गोळा) खाऊन ‘मोचिमोचि’ म्हटलं, तळलेल्या कटलेटला ‘साकुसाकु’ आणि कोबीला ‘शाकिशाकि’. मी त्याला आपली फौज ऐकवली: कुरकुरीत, खुसखुशीत, चुरचुरीत, लुसलुशीत, भुसभुशीत, झणझणीत, मिळमिळीत, पचपचीत. गडी वही काढून लिहून घेत होता.

कोकणकडा

अवांतरात माझीही भर. पाऊस! शितोशितो = रिपरिप, पोत्सुपोत्सु = सुरुवातीचे तुरळक टपोरे, झाआझाआ = धो धो. कोकणात जुलैमध्ये पहिल्या दोघांचं काम नाही.

नाना_चौकस

धागा भावनांचा होता हो. आता पाऊस आलाच आहे तर कोणीतरी कुरकुरीत भजी तळा.

उनाडटप्पू

नानांशी सहमत. मलाही आता एक गंभीर प्रश्न आहे. पिकाचू?

रेवा

पिका म्हणजे लख्खकन चमकणं, चू म्हणजे उंदराचं चूं चूं. पॅकमॅन (१९८०) हा पाकुपाकु, म्हणजे तोंडाची उघडझाप करत गट्टम. पॉकी या बिस्किटाची कांडी (१९६६) मोडताना पोक्किन् वाजते म्हणून पॉकी. झालं? आता वर्गाकडे लक्ष द्या.

मृद्गंध

साहित्यातलं कोणीच बोललं नाही म्हणून. जपानी लेखकांत यावर सरळ दोन तट आहेत. मिशिमा युकिओला हे शब्द पोरकट वाटत, लेखनाचा दर्जा घालवणारे. मोरी ओगाइच्या गद्यात ते फारसे नाहीत म्हणून तो त्याची तारीफ करतो. उलट मियाझावा केन्जी (१८९६–१९३३) तयार शब्दांवर भागत नाही म्हणून घरचे पाडायचा. त्याच्या एका गोष्टीत पाण्याखालचे खेकडे कोणाच्या तरी हसण्याबद्दल बोलतात आणि ते हसणं असतं ‘कापुकापु’. असं कोणी हसत नाही. पण पाण्याखाली हसलं तर असंच हसेल, एवढं वाचताना पटतं.

मी केन्जीच्या बाजूची. आपल्याकडे केशवसुतांचा ‘झपूर्झा’ आठवला.

अनुस्वार

झपूर्झा त्यात बसणार नाही. मुली खेळताना ‘जा पोरी जा’ म्हणतात, ते वेगात ‘झपूर्झा’ ऐकू येतं असं सांगतात. म्हणजे मूळ अर्थाचे शब्द झिजून नाद उरला. केन्जीचा प्रवास उलटा आहे.

मृद्गंध

पण वाचणाऱ्याला ते झिजणं माहीत नसतं. त्याला गिरकीच ऐकू येते. मी तो शब्द सोडत नाही!

आणि मिशिमाचा मुद्दाही अगदीच टाकाऊ नाही. ‘त्याच्या छातीत धडधडलं, पोटात धस्स झालं, डोकं भणभणलं’ असं पानभर वाचलं की मला लेखकाचा कंटाळा येतो. बोलताना हे शब्द मिठासारखे लागतात, लिहिताना हात आवरावा लागतो.

सावली

ऑफिसच्या मेलमध्येही ते नसतात. पण मीटिंगच्या खोलीबाहेर आलं की सगळे पुन्हा इराइरा आणि मोयामोया. त्यावरून, माझे दोन प्रश्न अजून तसेच आहेत हो!

अनुस्वार

येतो त्याकडे, पण वळसा घालून.

जपानीत ‘उरेशिइ’ (आनंद वाटणे) सारखं विशेषण दुसऱ्याबद्दल सरळ लावता येत नाही. ‘तिला आनंद झालाय’ म्हणायचं तर ‘तिला आनंद झाल्यासारखं दिसतंय’ अशी वेगळी रूपं लागतात. दुसऱ्याच्या मनातलं मला कसं ठाऊक, असा तो संकोच. पण ‘ती इराइरा करतेय’ मात्र खुशाल म्हणता येतं. का? कारण इराइरा अर्धी आत आणि अर्धी चेहऱ्यावर असते.

आता आपल्याकडे बघा. ‘माझी चिडचिड होते’, पण ‘तो चिडचिड करतो’. स्वतःची असेल तर ‘होते’, दुसऱ्याची असेल तर ‘करतो’. जपानी एकच क्रियापद दोघांना लावतात, आपण तिथे चक्क निवाडा करून ठेवलाय.

गवतीचहा

आजवर नुसती वाचत होते, पण या प्रतिसादाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. माझी चिडचिड होते, सासूबाई चिडचिड करतात. आणि त्यांना विचारलंत तर बरोब्बर उलटं. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

डॉ. कडूनिंब

आमच्या घरी दोघींचीही होते आणि मी करतो.

रेवा

@सावली, हाराहारा. यात तुम्ही बहुतेक वेळा बघणाऱ्या असता. पोर घसरगुंडीच्या कठड्यावर चढलंय, तुम्ही खाली उभ्या आहात: हाराहारा. पोराला स्वतःला भीती वाटली तर त्याचं डोकीडोकी. धोका तिकडे, जीव टांगलेला इकडे. परीक्षेत स्वतःचा निकाल बघताना हाराहारा म्हणालात तर अगदी चूक नाही ठरणार, पण कानाला डोकीडोकीच हवंसं वाटेल. शिवाय डोकीडोकी गोडही असते, हाराहारात गोडवा नाही. फार तर थरारपट बघताना पैसे देऊन विकत घेतलेली हाराहारा.

नाना_चौकस

म्हणजे शेवटच्या षटकात बॅट धरून उभा तो डोकीडोकी आणि सोफ्यावर उशी कवटाळून बसलेला मी हाराहारा.

रेवा

नाना, तुम्हाला परीक्षेत पूर्ण गुण.

सावली

आता बसलं डोक्यात! मग मराठीत ‘जीव खालीवर होणे’ जवळचं. पोर कठड्यावर असलं की आई ‘धाकधूक होतेय’ म्हणत नाही, ‘माझा जीव खालीवर होतोय’ म्हणते.

कोकणकडा

किंवा सरळ ओरडते, "उतर रे मेल्या!"

मृद्गंध

मोयामोयासाठी माझं मत रुखरुख.

गवतीचहा

रुखरुख नको. रुखरुखीत काय राहिलं ते माहीत असतं. आजीला शेवटचं भेटायला गेले नाही, त्याची रुखरुख. चुटपुटही तशीच, थोडी हलकी: सेल संपला आणि साडी राहिली. मोयामोयात तर नक्की काय सलतंय तेच कळत नाही ना?

अनुस्वार

बरोबर. हुरहुरही बाद, तिला पुढची कसली तरी ओढ असते. कुयोकुयो (कुढत बसणं) हा जपानी शब्द रुखरुखीच्या जास्त जवळ आहे, गेलेल्या गोष्टीवर मन घोळवत राहणारा. मोयामोयात तक्रार अजून तयारच झालेली नसते. म्हणूनच सावलीताईंची सहकारी मीटिंगमध्ये गप्प बसली. बोलायला मुद्दा हवा, तिच्याकडे नुसतं धुकं होतं.

उनाडटप्पू

‘काहीतरी खटकतंय’ म्हणा की. आमच्याकडे तेच म्हणतात.

डॉ. कडूनिंब

खटकणं एका ठिकाणी असतं, खडा लागल्यासारखं. हे पसरलेलं आहे. माझे काही पेशंट म्हणतात, "डॉक्टर, दुखत काही नाही, पण करमत नाही, गळाठल्यासारखं वाटतं." तिथे मला मोयामोया सापडतो, पण शब्द म्हणून नाही.

रेवा

मी वर्गात ‘खटकतंय पण बोट ठेवता येत नाही’ असं अख्खं वाक्यच देते. एका शब्दाला एक शब्द द्यायच्या नादात मुलं सोवासोवा आणि इराइरा दोन्हींना ‘अस्वस्थ’ लिहून मोकळी होतात आणि निबंधातला माणूस ना चुळबुळ करतो ना चिडतो. उलट दिशेचंही सांगते: तगमग जपानीत कशी म्हणायची? उकाडा, ताप आणि विरह तिन्हींना पुरेल असा एक शब्द मला त्यांच्याकडे मिळालेला नाही. एका मुलीने ‘इराइरा’ लिहिलं होतं. विरहिणी एकदम खेकसायला लागली.

सावली

हे फारच भारी! उद्या सहकारीला तगमग शिकवते, बदल्यात मोयामोया घेते. तिला ‘करमत नाही’ पण सांगून बघेन, डॉक्टर. ते धुक्याच्या बरंच जवळ जातंय असं मला वाटतं, फक्त ते एकटं असताना होतं आणि मोयामोया चारचौघांतून उठून आल्यावर.

उनाडटप्पू

धागा वर काढतोय. ‘गोरोगोरो’ म्हणजे धोंडा घरंगळणं असं रेवाताई म्हणाल्या. माझ्या मुलाच्या ॲनिमेत ढग गडगडताना पण गोरोगोरो, मांजर कुशीत घुसून घुरघुरतं ते पण गोरोगोरो, आणि हिरो रविवारी गादीवर लोळतो ते पण गोरोगोरो. एकच काय ते ठरवा.

रेवा

सगळं बरोबर आहे.

नाना_चौकस

मग मी आज दिवसभर गोरोगोरो.

गवतीचहा

नाना, लोळणं आणि गडगडणं तुमचं एकाच वेळी चालतं, असं वहिनी मागे कट्ट्यावर सांगत होत्या.